मागची खोली

कादंबरी संपली की वाचकाने पुस्तक मिटावे, हा शिष्टाचार झाला. मला तो कधी पाळता आला नाही. लहानपणी गोष्ट संपली की ‘मग पुढं काय झालं?’ असे विचारून मी आजीला भंडावून सोडीत असे. पुढे स्वतः कादंबऱ्या लिहू लागले, तरी ती खोड गेली नाही. तिच्यापायीच जेन ऑस्टिनच्या घरात न बोलावता शिरण्याचा उद्योग माझ्या हातून घडला.

तिची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ साली प्रसिद्ध झाली. कॉलेजची पायरी मी चढले नाही. त्यामुळे शब्दकोश मांडीवर घेऊन, दिवसाला चार पाने, अशा चालीने मी ती वाचली. डार्सीशी एलिझाबेथचे लग्न झाले, पुस्तक संपले आणि मला चुटपुट लागली.

अशी चुटपुट लागलेली मी एकटीच नव्हे. १९१३ च्या सुमारास सिबिल ब्रिंटन या बाईंनी ऑस्टिनच्या सहाही कादंबऱ्यांतली माणसे एका कादंबरीत गोळा करून उरलेल्यांची लग्ने लावून दिली. पी. डी. जेम्स यांनी २०११ साली, नव्वदी ओलांडल्यावर, डार्सीच्या वाड्याच्या आवारात एक खून घडवला. मधल्या काळात प्रेमकथा तर किती झाल्या! आणि खुद्द ऑस्टिनलाही हा मोह होताच. १८१३ च्या मे महिन्यात लंडनच्या एका चित्रप्रदर्शनात ती डार्सीच्या बायकोची तसबीर शोधीत हिंडली. जेनसारखी एक तसबीर तिला सापडली, एलिझाबेथची सापडली नाही. डार्सीला ती चारचौघांत मांडणे रुचले नसेल, अशी तिने बहिणीला लिहिलेल्या पत्रात स्वतःची समजूत घातली. घरच्या मुलांनी विचारले, तर कुठल्या पात्राचे पुढे काय झाले हेही ती सांगत असे.

मग मीच का मागे राहावे? पण माझा जीव एलिझाबेथपेक्षा तिच्या मैत्रिणीत, शार्लटमध्ये अडकला होता. सत्तावीस वर्षांची, रूपाने बेताची, हुंड्याला पैसा नाही. एलिझाबेथने नाकारलेल्या बडबड्या पाद्र्याला, कॉलिन्सला, ती निमूटपणे होकार देते. तिला हवे असते फक्त एक सुखाचे घर. मला तिची फार कीव आली. मी पहिल्याच प्रकरणात कॉलिन्सला न्यूमोनियाने आजारी पाडले आणि तिसऱ्यात मारले. पाचव्यात एक मितभाषी दर्यावर्दी कप्तान आला. दहाव्यात चर्चच्या घंटा वाजल्या.

वही मी आमच्या अक्काला वाचायला दिली. अक्काचे लग्न अठ्ठाविसाव्या वर्षी झाले, बिजवराशी. भाऊजी माणूस वाईट नाहीत. पण सकाळच्या चहाबरोबर सुरू झालेले त्यांचे बोलणे रात्री अंथरुणावर पडेपर्यंत चालते. अक्काकडून परतताना दर वेळी मला वाईट वाटे. ते मी कधी बोलून दाखवले नव्हते.

आठ दिवसांनी अक्काने वही परत दिली. म्हणाली, “लिहिलंयस छान. पण त्या कॉलिन्सला मारलंस कशाला गं?”

“तिला सुख नको का लागायला?”

“आणि ती राहील कुठं? ते घर नोकरीचं ना? दुसरा पाद्री आला की हिचं सामान बाहेर!”

मी गप्प झाले. मी एवढा शब्दकोश उलगडला, पण हे मला सुचले नव्हते. ऑस्टिनला मात्र ते पक्के ठाऊक होते. तिचे वडील स्टीव्हंटनचे पाद्री. १८०१ साली ते बाथला गेले आणि जन्माचे घर मुलींच्या हातून सुटले. १८०५ साली ते वारले. मायलेकी भाड्याच्या बिऱ्हाडांत आणि नातेवाइकांकडे दिवस काढीत राहिल्या. १८०९ साली भावाने चॉटनला घर दिले, तेव्हा कुठे त्यांना हक्काचा निवारा मिळाला. आणि १८०२ च्या डिसेंबरात, सत्ताविसाव्या वाढदिवसाच्या थोडेच आधी, एका इस्टेटीच्या वारसाने घातलेल्या मागणीला ऑस्टिनने संध्याकाळी होकार दिला होता आणि सकाळी तो मागे घेतला होता. शार्लटने मागे घेतला नाही. दोघींनाही आपल्या होकाराची आणि नकाराची किंमत माहीत होती. ती माहीत नव्हती फक्त मला.

“दिवसभर बसायची कुठं ही?” अक्काने विचारले.

मी सांगितले, की पुढची खोली मोठी आणि चांगली असूनही शार्लट मागच्या खोलीत बसते. नवऱ्याने तिथे फारसे येऊन बसू नये म्हणून. त्याला ती बागकामाचे उत्तेजन देते. स्वतः कोंबड्या पाळते.

अक्का डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिच्या मागच्या पडवीत शिवणाचे मशीन आहे. पुढच्या खोलीत जागा असताना ते तिथे का, हे इतक्या वर्षांत मी विचारले नव्हते. बाहेरून भाऊजींचा आवाज येत होता. ते शेजाऱ्यांना पावसाबद्दल सांगत होते.

“शहाणी आहे हो पोर,” अक्का म्हणाली आणि मशीनवर बसली.

कप्तानाची पाने मी फाडून टाकली. कॉलिन्सचा न्यूमोनिया बरा केला. आता तो बागेत कोबी लावतो आहे आणि शार्लट मागच्या खोलीत बसली आहे. याला प्रेमकथा म्हणून कोण छापील, कोण जाणे. पण परवा अक्काचा फोन आला. भाऊजींबद्दल नाही, स्वतःबद्दल नाही. तिने एवढेच विचारले,

“मग पुढं काय झालं गं त्या कोंबड्यांचं?”