मापाचा कोट

एप्रिल आला की, आणि डिसेंबर आला की, एक कॉमेंट हमखास वाचायला मिळते. बाबासाहेबांचा सुटाबुटातला फोटो कुणी टाकला की खाली कुणीतरी लिहितंच, "गोरगरिबांचे नेते ना, मग एवढा सूट कशाला? गांधीजी बघा, पंचावर राहिले." लिहिणारा स्वतः बहुतेक ब्रँडेड जीन्समध्ये असतो, ते सोडा. प्रश्न कपड्यांचा आहे तर कपड्यांचंच बोलू.

गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला. त्याआधी लंडनला बॅरिस्टरीच्या दिवसांत त्यांनी चांगले सूट घातले होते, हॅट घातली होती. त्यांचा त्याग खोटा होता असं मी अजिबात म्हणत नाही. पण टाकून द्यायला ती वस्तू आधी आपली असावी लागते.

महारवाड्यात काय होतं? गावकीची कामं करायची आणि वर्षाकाठी कुणाचं तरी जुनेर पदरात पडायचं. मढ्यावरचं कापड हा तर 'हक्क' म्हणून मोजला जायचा! मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेताची वस्त्रं नेसावीत असं सरळ लिहिलंय. म्हणजे पिढ्यानपिढ्या अंगावरचं कापड दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं. कुठे ढगळ, कुठे आखूड. आपलं माप कुणी घेतलंच नाही.

आता शिवलेला कोट बघा. शर्ट एकवेळ कुणाचाही चालून जातो, कोट चालत नाही. टेलर छाती घेतो, कंबर घेतो, पाठ घेतो, एक खांदा उतरता असेल तर तेही वहीत लिहून ठेवतो. आत बक्रम, अस्तर. मग कच्चे टाके घालून ट्रायल. तुम्ही आरशासमोर उभे, तो खडूनं खुणा करतोय. तो कोट जगात फक्त एका माणसाला नीट बसतो. जुनेराच्या बरोब्बर उलटी वस्तू आहे ही. कोलंबिया, लंडन, ग्रेज इन करून आलेला तो माणूस थ्री-पीस घालून उभा राहायचा, त्यात नुसता साहेबी थाट बघणाऱ्यांना हे दिसत नाही.

माझ्या वडिलांनी नोकरीत कायम झाल्यावर पहिला कोट शिवला. राखाडी, टेरीवूलचा. शिवणावळ दोन हप्त्यांत दिली. टेलरमामा त्यांना म्हणाले होते, "मास्तर, बाही, कंबर मी नंतरही सुधारून देईन, खांदा चुकला तर कोट गेला." तो कोट घालून वडील ऑफिसात गेले तेव्हा एका वरिष्ठानं सगळ्यांसमोर विचारलं, "अरे वा! कुणाचा आणलास?"

शिवला कुठे, असं नाही. कुणाचा आणलास.

वडील म्हणाले, "माझ्या मापाचा आहे, साहेब." आणि कामाला बसले. घरी हे त्यांनी आईला सांगितलं, मी शेजारी अभ्यास करत होतो. पुढे निवृत्तीपर्यंत दर हिवाळ्यात त्यांनी तोच कोट घातला. अस्तर दोनदा बदललं.

म्हणून सांगतो, नीट कपडे घालणं म्हणजे महाग कपडे घालणं नव्हे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आपल्या बायाबापड्यांशी कपड्यांवर बोलले होते. ठिगळं असली तरी चालतील, पण स्वच्छ असू द्या, आणि जातीची खूण सांगणारं नेसणं-दागिने टाका, असा त्याचा मथितार्थ. ही सभा मनुस्मृती जाळली त्याच परिषदेच्या वेळची. मला ही दोन कामं वेगळी वाटत नाहीत.

आणि प्रसंग त्यांना कळायचा. १९३१ च्या गोलमेज परिषदेला सूट. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा घेताना मात्र पांढरं रेशमी धोतर आणि पांढरा कोट. सुटाचंच वेड असतं तर त्या दिवशीही तोच दिसला असता.

आपल्या पोरांना एवढंच सांगेन, लग्नाला भाड्याचा चकचकीत सूट घ्या हवा तर, माझी ना नाही. पण पहिल्या पगारातून एक साधा कोट शिवून घ्या. गडद निळा किंवा राखाडी, हलक्या कापडाचा, आपल्या हवेत जाड कोट घामानं जीव घेतो. खांद्याची शिवण तुमच्या खांद्यावरच संपली पाहिजे. बाहीतून शर्टाचा कफ बोटभर दिसू द्या. खालचं बटण उघडं. बुटाला पॉलिश.

नागपूरकडे गेलात तर चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्यात, त्यात कोटही आहेत. सेल्फी काढाच, पण आधी जरा थांबून खांदा बघा.