विंचवाचं बिऱ्हाड

"ह्यात आपण चौघं झोपायचं?" आमच्या उल्मच्या इमारतीमागे उभी असलेली कॅरॅव्हॅन पाहून आईचा पहिला प्रश्न. मग तिने दारातून वाकून आत पाहिलं. दोन शेगड्यांचा ओटा, बाकाखालचे कप्पे, टेबल खाली केलं की होणारा पलंग. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते हेच गं," असं म्हणून ती तिथल्या बाकावर बसली आणि चहाची वाट पाहू लागली.

आमचं हे बिऱ्हाड १९७८ सालचं, एरिबा कंपनीचं, 'ट्रोल' नावाचं. वरच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांकडून घेतलेलं. एका इमारतीत राहून आमचा त्यांच्याशी संबंध 'हालो' आणि जिना झाडायची पाळी एवढाच होता. आजोबांना गाडी हुकाला लावणं जमेनासं झालं, तेव्हा त्यांनी आम्हाला विचारलं. व्यवहाराच्या दिवशी आजी कॉफीचा थर्मास घेऊन खाली आल्या. आजोबांनी खिशातून पाणसळ काढली, कॅरॅव्हॅनच्या फरशीवर ठेवली आणि चारही कोपऱ्यांचे टेकू कसे फिरवायचे ते माझ्या नवऱ्याला दोन तास शिकवलं. जर्मनीत येऊन आम्हाला सात वर्षं झाली होती. कोणा जर्मन माणसाने आमच्यासाठी एवढा वेळ काढायची ती पहिली वेळ.

ह्या गाड्यांचं माहेर आमच्यापासून फार लांब नाही. उल्महून दक्षिणेला तासाभरात बाड वाल्डसे लागतं. तिथे एर्विन ह्युमर यांचा कारखाना आणि २०११ साली उघडलेलं त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. १९५७ साली ह्युमर यांनी एरिख बाखेम यांच्याबरोबर पहिली कॅरॅव्हॅन बनवली. 'एरिख' आणि 'बाखेम' मिळून 'एरिबा'. हे बाखेम मूळचे विमानांचे अभियंते. महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी 'नाटर' नावाचं, सरळ आकाशात झेपावणारं रॉकेट-विमान आखलं होतं. मार्च १९४५ मध्ये माणूस बसवून केलेल्या त्याच्या पहिल्याच उड्डाणात वैमानिकाचा जीव गेला. बारा वर्षांनी त्याच माणसाने सुट्टीला निघालेल्या कुटुंबासाठी हलकंसं घर आखलं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि मुक्कामी पोचल्यावर उचलायचं छप्पर. प्रवासात छप्पर खाली असल्यामुळे वारा अडत नाही आणि लहान गाडीलाही ती ओढता येते.

पण जर्मन कॅरॅव्हॅनची पहिली गोष्ट त्याच्याही आधीची, इस्नी गावची. तिथल्या आरिस्ट डेथलेफ्स यांचा घरचा धंदा चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवायचा. विक्रीसाठी त्यांना सतत फिरावं लागे. त्यांच्या पत्नी फ्रिडेल एडेलमान चित्रकार होत्या. दोघांना बरोबर प्रवास करता यावा आणि बाईंना वाटेत चित्रंही काढता यावीत, म्हणून १९३१ साली डेथलेफ्स यांनी एक चाकांवरचं घर बांधलं. त्याला त्यांनी नाव दिलं 'वोनआउटो', म्हणजे राहायची मोटार. ही गोष्ट मी आईला मोठ्या हौसेने सांगितली. "म्हणजे बायकोला बरोबर न्यायचं म्हणून," एवढंच ती म्हणाली.

त्या उन्हाळ्यात आम्ही तिला बोडेनसेच्या काठी घेऊन गेलो. जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये राहायचं म्हणजे खरं तर बाहेरच राहायचं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बसायचं. त्यामुळे भाजी चिरणं, पत्ते, गप्पा सगळं बाहेरच्या तंबूत. येणारा-जाणारा थांबतो. "कुठल्या सालची?" हा प्रश्न तर ठरलेला. आमच्या भारतीय चेहऱ्यांकडे पाहून 'तुम्ही कुठले?' हा प्रश्न पहिला येतो, याची आम्हाला सवय आहे. तिथे मात्र गाडीचं साल पहिलं आणि आमचं गाव नंतर. आईच्या कांदाभज्यांनी बाकीचं काम केलं.

तिसऱ्या रात्री दोन वाजता आई उठली. आमच्या गाडीत संडास नाही. सामाईक स्वच्छतागृह शंभरेक पावलांवर. मला उठवायचं नाही म्हणून ती एकटीच टॉर्च घेऊन गेली आणि पावसाने ओल्या झालेल्या पायरीवर घसरली. हाड मोडलं नाही, पण गुडघा सुजला. सकाळी ती हसत होती आणि मी मात्र स्वतःला दोष देत होते. बाहत्तर वर्षांच्या आईला माझ्या हौसेपायी रात्री चिखलातून चालायला लावलं होतं.

पुढच्या वर्षी आई आली, तेव्हा आम्ही नवीन मोटारहोम भाड्याने घेतलं. पायाशी गरम हवा, स्वतंत्र न्हाणीघर, मोठा फ्रिज, मागे कॅमेरा. साध्या मोटारीच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतच चालवता येतं, त्यामुळे पाण्याची टाकी भरल्यावर सामानाचं वजन तेवढं मोजावं लागलं. मोझेल नदीच्या काठी द्राक्षांच्या मळ्यांखाली मुक्काम टाकला. आई शांत झोपली. मीही झोपले. दोन दिवस आम्ही आतच जेवलो, आतच बसलो. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "इथे कोणी बोलायलाच येत नाही गं."

माझ्या मनात एक भाषण तयारच होतं. जुनं ते सोनं, पैशाने माणसं तुटतात, वगैरे. ते सुरू करणार तोच आई बशीत भजी घेऊन शेजारच्या गाडीच्या दारावर टकटक करत होती. ती गाडी बसएवढी, लाखो युरोंची. मागच्या गॅरेजात चक्क एक छोटी मोटार. अशा गाड्यांना मी मनातल्या मनात 'चाकांवरचा बंगला' म्हणून नाक मुरडत असे. दार एका बाईंनी उघडलं. त्यांच्या यजमानांना पार्किन्सन्स होता. आत रुंद वाट, धरायला दांडे, पलंगाशेजारी न्हाणीघर. "हे नसतं तर आम्ही दोघं घराबाहेर पडलोच नसतो," त्या म्हणाल्या. पूर्वी त्यांच्याकडेही एक छोटी जुनी कॅरॅव्हॅन होती. तिचा फोटो ड्रायव्हरच्या सीटसमोर लावला होता.

परत येताना मला इस्नीची गोष्ट पुन्हा आठवली. डेथलेफ्स यांनी १९३१ साली गाडी बांधली ती कष्ट सोसायला नव्हे. घरी एकटी राहणारी बायको बरोबर यावी म्हणून बांधली. त्या काळात ती चैनच होती. मोझेलकाठच्या त्या बाईंच्या बंगल्याचं कारणही तेच. तेव्हा गाडी कुठली घ्यायची, याआधी मी आता एवढंच विचारते की आपल्याला कोणाला बरोबर न्यायचं आहे. आणि दार उघडायचं की नाही, हे कुठल्याच गाडीवर अवलंबून नसतं. आमचं ते जुन्या गाडीत नाइलाजाने उघडं राहायचं, एवढंच.

आमची ट्रोल विकायची जाहिरात मी लिहून ठेवली होती. ती पुसली. जुन्या गाडीची कामं संपत नाहीत. खिडक्यांची रबरं सुकतात, लाकडाला ओल धरते, दर दोन वर्षांनी तपासणी. पण यंदा वसंतात आम्ही तंबूच्या एका कोपऱ्यात पडदा लावला आणि त्यामागे आईसाठी हलवता येणारा छोटा संडास ठेवला. वरच्या आजोबांनी खिडकीतून पाहिलं, खाली आले आणि तो डळमळू नये म्हणून पाणसळ लावून बसवून दिला.

आईचं तिकीट जूनचं आहे. परवा फोनवर म्हणाली, "बेसन तिकडे चांगलं मिळतं ना? की इथून घेऊन येऊ?"