रस्त्याच्या मध्यापर्यंत आमचं

न्यू जर्सीत घर घेणारा माणूस तपासण्यांनी मेटाकुटीला येतो. वाळवी बघा, रेडॉन वायू बघा. पूर्वी घरं तेलावर तापवायचे, तेव्हाची टाकी अंगणात पुरलेली राहिली आहे का, तेही यंत्र फिरवून बघा. आमच्या होम इन्स्पेक्टरने जाडजूड अहवाल दिला. छपरापासून प्लगपर्यंत सगळं त्यात होतं. सांडपाण्याबद्दल एकच ओळ: फ्लश व्यवस्थित चालतो. बेसमेंटच्या भिंतीपलीकडे सांडपाण्याच्या पाइपचं काय होतं, हे त्याच्या कामात बसतच नाही.

आपल्या मंडळींचं तर बोलायलाच नको. संडास ईशान्येला नाही ना, हे बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं. त्या संडासातून पुढे ते सगळं कुठे जातं, हे एकानेही विचारलं नाही.

घर १९५४ सालचं. पाइपमध्ये कॅमेरा घालून बघायचा हट्ट माझा होता. ऑफिसातल्या एकीच्या बेसमेंटमध्ये घर घेतल्यावर चारच महिन्यांत मैला उलटला होता. तिच्या तोंडून ते वर्णन ऐकलं की जेवण जात नसे. आमचा एजंट म्हणाला, "लोक राहतायत, सगळं चालू आहे, कशाला उगाच?" तीनशे डॉलरचा प्रश्न होता. लाखांच्या व्यवहारात तीनशेला का अडायचं, हे मला कळेना.

कॅमेरावाला आला आणि आधी त्याने घरातले सगळे नळ सोडायला लावले. कोरड्या पाइपात पाणी कुठे साचतं ते कळत नाही, म्हणून बंद पडलेल्या घराची लाइन उगाच चांगली वाटते. मग त्याने विचारलं, मालकाने नुकतीच लाइन साफ करून घेतली आहे का? आत शिरलेली झाडांची मुळं कापून घेतली की काही आठवडे कुठलाही पाइप गुणी दिसतो.

बेसमेंटच्या कोपऱ्यातलं क्लीनआउटचं झाकण उघडून त्याने केबल आत सरकवली. पडद्याच्या कडेला फुटांचा आकडा वाढत होता. सुरुवातीचा बिडाचा पाइप आतून गंजाने खरखरीत झालेला, पण धड होता. चौदा फुटांवर रंग बदलला. काळी भिंत, तिच्यावर फोड, आणि जे भोक गोल असायला हवं ते वरून दाबून अंड्यासारखं लांबट झालेलं. "ऑरेंजबर्ग," तो म्हणाला.

ऑरेंजबर्ग हे आमच्यापासून तासाभरावरचं, न्यूयॉर्क राज्यातलं गाव. लाकडाच्या लगद्यात डांबर मुरवून तिथे पाइप बनवायचे. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली आणि युद्धानंतर घरं भराभर उठू लागली, तेव्हा हा हलका, स्वस्त पाइप खूप ठिकाणी पुरला गेला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तो बनत होता. मातीच्या भाराने तो हळूहळू चपटा होतो, थर सुटतात. आमच्या पाइपात पुढे एका सांध्यातून केसांसारखी बारीक मुळं लोंबत होती. सांध्यातून ओल झिरपते आणि मुळं त्या ओलीच्या मागे येतात. कॅमेऱ्याच्या डोक्यात एक ट्रान्समीटर असतो. त्याच्या खुणेवर यंत्र फिरवत तो माणूस हिरवळीतून चालत गेला आणि मेपलच्या बुंध्यापाशी त्याने छोटा झेंडा रोवला. खाली सहा फूट.

मुळं दरवर्षी कापता येतात. जुन्या पाइपात रेझिनमध्ये भिजवलेली बाही सरकवून ती कडक करायची, म्हणजे आत नवा पाइप होतो, हाही एक उपाय. पण पाइप चपटा झाला असेल तर ते कठीण. आणि कुठे खोलगट बसला असेल, तर बाहीही त्याच खळग्यात बसते, पाणी साचायचं ते साचतंच. आमच्यासाठी खोदकाम हाच मार्ग होता. अंदाज आला बारा हजार डॉलरचा. आमच्या टाउनशिपचा नियम असा, की रस्त्याखालच्या मुख्य लाइनला जोड मिळेपर्यंतचा पाइप घरमालकाचा. म्हणजे रस्ता फोडायची परवानगी, तो पुन्हा नीट करायचा खर्च, सगळं आपल्याच अंगावर. घराच्या नेहमीच्या इन्शुरन्समध्ये पाइप म्हातारा होणं सहसा बसत नाही.

विकणाऱ्याच्या वकिलाचं पहिलं उत्तर: घर आहे तसं घ्या. आमच्या वकीलबाईंनी व्हिडिओ पाठवला. मोघम शब्दांवर वाद घालता येतो, पडद्यावरच्या लांबट भोकावर काय बोलणार? ताणाताणीनंतर आठ हजार क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या वेळी वळते झाले. क्लोजिंगनंतर त्याच व्हिडिओला कुणी विचारलं नसतं. खोदलं तेव्हा जुना पाइप हाताने सोलता येत होता. आता तिथे पीव्हीसी आहे. मेपल गेला, त्याचं मला वाईट वाटलं.

समोरचं घर त्याच बिल्डरचं, त्याच साली बांधलेलं. तिथले म्हातारे गृहस्थ घर विकायला काढत होते. मी म्हटलं, कॅमेरा घालून बघा एकदा. ते हसले. "बघितलं तर फॉर्मवर लिहावं लागेल." विकणाऱ्याला ठाऊक असलेला दोष त्या फॉर्मवर लपवता येत नाही, ठाऊक नसलेला लिहायचा प्रश्नच नाही. घर ओपन हाउसच्याच आठवड्यात गेलं. बोली जिंकायची म्हणून घेणाऱ्यांनी सगळ्या तपासण्यांवर पाणी सोडलं होतं.