रश्श्यासमोरचा पेला

वडिलांची निफाडला थॉम्पसन द्राक्षांची बाग. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की तोडणीपर्यंत घरात दुसरा विषय नसायचा. मी मात्र गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत पेले भरायला लागलो. इकडे ‘सुला’ या वायनरीची पहिली वाइन आली ती २००० साली. वडिलांच्या लेखी वाइन म्हणजे तरीही दारूच.

पेला भरण्यातलं काम मला एका चुकीनं शिकवलं. एप्रिलची दुपार होती. काउंटरवर राहिलेली शिराज मी तशीच ओतली. पाहुण्यांनी एक घोट घेतला आणि पेले खाली ठेवले. ३० अंशांवर नाकात फक्त अल्कोहोलची वाफ जात होती. बाटली दहा-बारा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवली, पुन्हा ओतली, तर तिच्यात जांभूळ होतं, मिरी होती. दोन्ही वेळा वाइन तीच. तेव्हापासून बाटलीला हात लावून पाहिल्याशिवाय मी ओतत नाही. इंग्लंडच्या जुन्या पबांत पिंपातल्या एल बिअरचंही असंच जपणं असतं. तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं, म्हणून तळघर बारा अंशांच्या आसपास ठेवायचं, पिंप न हलवता गाळ खाली बसू द्यायचा. ही एल टिकावी म्हणून तिथं १९७१ साली ‘कॅम्रा’ ही चळवळ उभी राहिली. अशा तळघरात एकदा काम करायची माझी फार इच्छा आहे.

जेवण समोर आलं की काम आणखी नाजूक होतं. पाहुणे मटणाचा झणझणीत रस्सा मागवतात आणि सोबत सगळ्यात कडक रेड. मी विनवून थांबवतो. तिखटावर रेडमधलं तुरट टॅनिन पडलं की जीभ पेटते, वाइन कडू लागते. त्यापेक्षा किंचित गोड शेनिन ब्लां द्यावी, चांगली गार. कोथिंबीर वडीला सोव्हिन्यों ब्लां. दोघींचा वास हिरवा.

गेल्या फेब्रुवारीत वडील पहिल्यांदा आले. मिसळ मागवली. मी शेनिनचा पेला अर्ध्याहून कमी भरून पुढे ठेवला. त्यांनी आधी तर्रीत पाव बुडवून खाल्ला, कपाळ पुसलं, मग घोट घेतला आणि बागेत मणी चावून बघतात तसा तोंडात घोळवला.

“तोडताना साखर किती ब्रिक्स होती?”

“बावीस.”

“म्हणजे सगळी गोडी जिरू दिली नाही तुम्ही लोकांनी.”

“नाही, दादा. थोडी राखली.”

त्यांनी पावाचा दुसरा तुकडा मोडला आणि पेला माझ्याकडे सरकवला.