जुन्या ऑक्टाव्हियाच्या तीन पिढ्या

जुनी मोटार विकत घेऊ इच्छिणाऱ्याच्या वतीने ती आधी तपासून तिच्या प्रकृतीविषयी लेखी अभिप्राय देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे, आणि तो व्यवसाय मी वसई तालुक्याच्या पश्चिम किनाऱ्यावरील वटार या गावी राहून करीत असल्यामुळे, अलीकडे एक प्रश्न माझ्यापुढे विशेष आग्रहाने येऊ लागला आहे. वेगवान मोटारीची हौस आहे, नवी घेण्याइतके द्रव्य गाठीशी नाही, तेव्हा एकाच जातीच्या मोटारीची अगोदरची पिढी घ्यावी की नंतरची, असा तो प्रश्न. विचारणारे बहुधा तिशीतले असतात, आणि अश्वशक्ती, किंमत व वेग यांचे आकडे त्यांना मुखोद्गत असतात. या तीन गोष्टींखेरीज चौथी एक गोष्ट आहे, आणि निवड खऱ्या अर्थाने तिच्यावर अवलंबून असते, हे त्यांना समजावून सांगण्यातच माझा पुष्कळसा वेळ जातो.

परदेशांत या वादाचे स्वरूप निराळे आहे. पोर्शे ९११ या मोटारीची हवेने थंड होणारी जुनी पिढी श्रेष्ठ की १९९८ च्या सुमारास तिची जागा घेणारी पाण्याने थंड होणारी पिढी श्रेष्ठ, यावर तिकडील शौकिनांनी वर्षानुवर्षे शाई खर्च केली आहे. आपल्याकडे तीन वर्षांहून अधिक जुनी मोटार सहसा आयात करू दिली जात नाही; सबब जी मोटार येथे कधी नवी म्हणून विकलीच गेली नाही, ती येथे जुनी म्हणूनही मिळत नाही. या निर्बंधामुळे महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय हौशी माणसापुढे वेगवान मोटारीच्या पिढ्यांची जी खरीखुरी ओळ उभी राहते, ती स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसची. तिला चार दारे आहेत आणि मागे कुटुंब बसते, म्हणून ती स्पोर्ट्स कारच नव्हे असे म्हणणारे कर्मठ लोक आहेत. ज्याने तिला पहाटेच्या मोकळ्या महामार्गावर विरार फाट्यापासून मनोरपर्यंत नेले आहे, त्याला तो आक्षेप फारसा पटणार नाही. शिवाय हे घराणे आपल्याच मुलखात रुजलेले आहे. २००१ साली औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा येथे ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली, आणि तिच्या रोगांचे निदान करू शकणाऱ्या कारागिरांची एक परंपराच त्यानंतरच्या काळात या राज्यात निर्माण झाली.

पहिली ऑक्टाव्हिया आरएस आपल्याकडे २००४ मध्ये आली. तिचे इंजिन १.८ लिटरचे, टर्बो जोडलेले, प्रत्येक सिलिंडरला पाच याप्रमाणे वीस व्हॉल्व्हचे, १५० अश्वशक्तीचे. गिअर पाच, हाताने टाकावयाचे. युरोपात याच नावाच्या मोटारीला १८० अश्वशक्ती होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. दुसरी पिढी आपल्याकडे लॉरा या नावाने नांदली, कारण पहिली ऑक्टाव्हिया तेव्हाही दुकानात विक्रीस होती. या पिढीतली लॉरा आरएस २०११ मध्ये आली: इंजिन पुन्हा १.८ लिटरचेच, परंतु सर्वस्वी नवे, १६० अश्वशक्तीचे, आणि गिअर सहा. तिसऱ्या पिढीची आरएस २०१७ मध्ये २ लिटरचे इंजिन, २३० अश्वशक्ती आणि सहा गिअरचा स्वयंचलित डीएसजी गिअरबॉक्स घेऊन अवतरली. २०२० मध्ये तिचीच २४५ अश्वशक्तीची व सात गिअरची आवृत्ती पूर्ण तयार अवस्थेत आयात झाली; तिच्या अवघ्या २०० गाड्या आल्या आणि किंमत ३६ लाखांच्या घरात होती.

आता ती चौथी गोष्ट. प्रत्येक मोटार झिजते; परंतु प्रत्येक पिढीची झिजण्याची रीत भिन्न असते. पहिल्या पिढीची जीर्णता रबरात, लोखंडात आणि तांब्याच्या तारेत प्रकट होते. ती डोळ्यांना दिसते, बोटांना लागते, कानांना ऐकू येते, आणि बहुतेक वेळा पुष्कळ आधी सूचना देऊन येते. तिसऱ्या पिढीची जीर्णता बंद पेट्यांच्या आत चालते; स्कॅनर लावल्यावाचून तिचा मागमूस लागत नाही, आणि ती प्रकट होते तेव्हा दुरुस्तीऐवजी संपूर्ण जोडणीच बदलण्याचा हिशेब हाती पडतो. तेव्हा कोणत्या प्रकारची जीर्णता आपल्याला वाचता येईल, आपल्या मेकॅनिकला वाचता येईल, आणि आपल्या खिशाला सोसेल, हे गिऱ्हाइकाने अगोदर ठरवावे. पिढी त्यावरून आपोआप ठरते.

पहिल्या पिढीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिच्याविषयी भीती फार आणि ज्ञान थोडे अशी अवस्था आहे. तिचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असल्याने वीस वर्षांनंतरही तो पुष्कळदा सुस्थितीत आढळतो. इंजिनाचा टायमिंग बेल्ट मात्र वेळेवर बदललेलाच असला पाहिजे. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि इंजिन उघडावे लागते. बेल्ट किती किलोमीटरला बदलला याबरोबर किती वर्षांपूर्वी बदलला हेही मी विचारतो, कारण उभ्या गाडीतही रबर म्हातारे होतच असते. टर्बोच्या बारीक नळ्या भेगाळतात, इग्निशन कॉइल अधूनमधून दगा देतात, सस्पेन्शनचे बुश खिळखिळे होतात. हे सर्व भाग एकेकटे बदलता येतात, आणि यातील पुष्कळ स्कोडाच्या उद्योगसमूहाच्या इतर गाड्यांतही असल्यामुळे मिळतातही. आतल्या सजावटीचे प्लास्टिक, दिव्यांच्या काचा, आरएसच्या खास बैठका यांची गोष्ट वेगळी. त्या फाटल्या-फुटल्या असतील तर जोडीस जोड मिळणे दुर्घट, म्हणून या गाडीत मी इंजिनाच्या आधी बैठका पाहतो.

आणि एक स्थान असे आहे की ज्याकडे आमच्या गावच्या माणसाने सर्वांत आधी पाहावे. या पिढीत इंजिनाचे नियंत्रण करणारी संगणकीय पेटी समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखालच्या पन्हळीत बसवलेली असते. त्या पन्हळीत पडणारे पावसाचे पाणी खाली वाहून नेणारी छिद्रे आहेत. वटारच्या वाड्यांत मोटार बहुधा चिंचेखाली, आंब्याखाली किंवा जांभळीखाली उभी असते. चिंचेचा बारीक पाला त्या छिद्रांत साचून घट्ट बसतो, आणि जुलैतील एखाद्या मुसळधार रात्री पन्हळ भरून पाणी पेटीपर्यंत अथवा गाळणीवाटे गाडीच्या आत शिरते. मेच्या अखेरीस पाच मिनिटे खर्च करून ती छिद्रे साफ करणारा मालक आणि न करणारा मालक यांच्या दोन गाड्या, साल व किलोमीटर सारखेच असले तरी, एका किमतीच्या असू शकत नाहीत. मी वायपरखालचे झाकण काढून पाला पाहतो, आणि त्यावरून मालकाविषयी मला जे कळते ते त्याने दाखवलेल्या बिलांवरूनही कळत नाही.

दुसऱ्या पिढीचे, म्हणजे लॉरा आरएसचे, शरीर उत्तम आहे. प्रश्न इंजिनाचा आहे. या घराण्याच्या त्या काळातील १.८ लिटर टीएसआय इंजिनांचे दोन दोष जगभर प्रसिद्ध आहेत. पिस्टनवरील तेलाच्या रिंगा अरुंद आणि त्यांतील तेल परतीची छिद्रे बारीक. ती कार्बनने बुजली की तेल जळू लागते. दुसरा दोष टायमिंग चेनचा ताण राखणाऱ्या टेन्शनरचा. त्याची जुनी रचना पकड सोडते, चेन उडी मारते, आणि परिणाम बेल्ट तुटल्यासारखाच होतो. यांखेरीज इंधन थेट सिलिंडरमध्ये उडवले जात असल्याने आत घेण्याच्या व्हॉल्व्हवर पेट्रोलचे धुणे होत नाही, व त्यांवर काजळी साचते. हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत तेल जळणे उत्पादकाच्या हिशेबीही क्षम्य आहे. म्हणून विक्रेता ‘थोडे तेल लागते’ असे म्हणतो तेव्हा ‘थोडे’ म्हणजे किती याची खातरजमा झाल्यावाचून पुढे जाऊ नये. डिपस्टिकवर पातळी पाहून ठेवावी, विक्रेत्याच्या संमतीने गाडी काही शे किलोमीटर चालवावी, आणि त्याच सपाट जागेवर उभी करून पुन्हा पाहावी. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या दोन क्षणांत येणारा चेनचा खडखडाट ऐकण्यासाठी मी विक्रेत्याला आदल्या रात्रीपासून गाडी सुरू न करण्याची विनंती करतो. पोहोचल्यावर बॉनेट आधीच तापलेले लागले, तर त्या दिवशीचे काम मी तेथेच थांबवतो.

तिसऱ्या पिढीविषयी लिहिण्यासारखे कमी आहे, कारण तपासण्यासारखे हाताला कमी लागते. २०१७ च्या गाडीतला डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा असल्यामुळे कोरड्या क्लचच्या भावंडापेक्षा आपल्या वाहतुकीत पुष्कळ सोशिक ठरतो. फक्त त्याचे तेल ६०,००० किलोमीटरला बदलल्याचा कागद हवा. थर्मोस्टॅटचे प्लास्टिकचे घर गळते काय ते पाहावे. ओडोमीटर फिरवलेला असल्यास निरनिराळ्या नियंत्रण-पेट्यांत नोंदलेले किलोमीटर एकमेकांशी जुळत नाहीत, ही रुजवात स्कॅनरने घालता येते, आणि नव्या पिढीचा हा एक फार मोठा गुण आहे. २४५ अश्वशक्तीच्या दोनशे गाड्यांतली एखादी हाती लागणाऱ्याने तिचे अठरा इंची टायर व कमी उंची आमच्या गल्लीतल्या गतिरोधकांवरून एकदा नेऊन पाहावी आणि मग बोलणी करावी.

किनाऱ्याची हवा तिन्ही पिढ्यांना समान छळते. राजोडी-कळंबच्या बाजूने येणारा खारा वारा एसीच्या कंडेन्सरची नाजूक पाती खातो, ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर तांबेरा चढवतो, आणि विजेच्या जोडण्यांत हिरवट क्षार धरवतो. शेवटचा उपद्रव जुन्या गाडीत दिवा मंद होण्यापुरता असतो. नव्या गाडीत त्याच क्षारामुळे एका पेटीचा दुसरीशी चाललेला संवाद तुटतो आणि फलकावर पाच-सहा इशारे एकदम पेटतात. प्लास्टिकच्या ताडपत्रीत गाडी गुंडाळून ठेवण्याची आमच्याकडील चाल घातक आहे. आत कोंडलेली वाफ उघड्या वाऱ्याहून अधिक गंज चढवते. वरून छप्पर, बाजू मोकळ्या, खाली फरशी, अशी पडवी असेल तर ती सर्वोत्तम.

पुराचा विचार निराळा करावा लागतो. २०१८ च्या जुलैत वसई-विरार परिसर कित्येक दिवस पाण्याखाली राहिला, आणि बावखले, म्हणजे वाड्यांतली छोटी तळी, बुजत चालल्यापासून पाणी साचण्याचे प्रकार वाढतच आहेत. बुडालेली गाडी धुऊन, सुकवून, सुगंध मारून दूरच्या जिल्ह्यात विकली जाते, तशीच दूरची येथेही येते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ आहे काय, बैठकीखालच्या रुळांना गंज आहे काय, स्टेपनीच्या खळग्यात बारीक माती आहे काय, हे पाहिल्यावाचून मी अभिप्रायावर सही करीत नाही. नव्या पिढीत पुराचा संशय जरी आला, तरी मी स्पष्ट नकार देतो. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून पसरत गेल्यामुळे आता पाण्याचा आणखी एक मार्ग लक्षात घ्यावा लागतो. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि दमट गावी महिनोन्महिने अर्ध्या टाकीने उभ्या असलेल्या जुन्या गाडीच्या इंधननळ्या व पंप यांची तपासणी यास्तव अनिवार्य झाली आहे.

दस्तऐवजांबद्दल एवढेच सांगतो की कर्जाचा बोजा उतरल्याचा नमुना ३५, हस्तांतरणाचे नमुने २९ व ३०, आणि गाडी दुसऱ्या राज्यातून येत असल्यास ना-हरकत दाखल्याचा नमुना २८, हे पुरे झाल्यावाचून संपूर्ण रक्कम देऊ नये. वसईच्या जुन्या गाड्यांवर ठाण्याचा एमएच-०४ आणि अलीकडच्यांवर एमएच-४८ हा क्रमांक असतो; क्रमांक जुना असला म्हणून गाडी परकी ठरत नाही.

आता माझे मत. जो माणूस रोज लोकलने चर्चगेटला जातो, मोटार रविवारी काढतो, घरी पडवी राखून आहे आणि हात काळे करण्यास कचरत नाही, त्याने २००४ ची घ्यावी. ती त्याला शिकवील. जो रोज घोडबंदरमार्गे ठाण्याला मोटारीनेच जातो, त्याने २०१७ ची घ्यावी, आणि दुरुस्तीसाठी खरेदीच्या वेळीच वेगळी रक्कम राखून ठेवावी. माझे स्वतःचे मन मात्र ज्या लॉराची सर्व जण धास्ती घेतात तिच्याकडेच ओढ घेते, एका कडक अटीवर: पिस्टन, रिंगा आणि टेन्शनर सुधारित रचनेचे घालून झाल्याची बिले सुट्या भागांच्या क्रमांकांसह समोर हवीत. ज्या मोटारीचा सर्वांत मोठा आजार होऊन गेला आहे, ज्याचा खर्च आधीच्या मालकाने सोसला आहे, आणि जिच्यात हाताने टाकावयाचे सहा गिअर आहेत, अशी आरएस या घराण्यात आपल्याकडे पुन्हा झाली नाही. बाजार मात्र इंजिन उघडलेली गाडी म्हणून तिचा भाव पाडतो. माझ्या मते तिला न उघडलेल्या गाडीपेक्षा अधिक द्यावे.

२०११ साली नोंदलेल्या लॉरांची पंधरा वर्षांची मुदत २०२६ मध्ये भरते. नूतनीकरणाचा नमुना २५ मुदतीपूर्वी साठ दिवसांच्या आत भरता येतो, खाजगी मोटारीला त्याचे शुल्क ५,००० रुपये आहे, हरित कर निराळा, आणि नूतनीकरण पुढील पाच वर्षांसाठी मिळते. खरेदीची बोलणी या सुमारास चालली असतील, तर नूतनीकरण विक्रेत्याच्याच नावावर करवून घ्यावे आणि त्याचा खर्च किमतीत धरावा. निरीक्षकासमोर गाडी उभी करण्यास जो विक्रेता टाळाटाळ करील, त्याच्या गाडीचे बॉनेट उघडण्याचे मला कारण उरत नाही.