लोखंडी रानांतली आई

प्रेमकथा वाचण्याचें माझें वय उलटून पुष्कळ वर्षें झालीं. त्यांतून ती कथा देव, राक्षस आणि जादूटोणा यांनीं नटविलेली असली, तर चार पानांपलीकडे माझी मजल जात नाहीं. म्हणून माझ्या मुलीनें जेनेव्हीव्ह गॉर्निचेक या अमेरिकन लेखिकेची, २०२१ सालीं प्रसिद्ध झालेली 'द विचेस हार्ट' ही कादंबरी माझ्या हातीं दिली, तेव्हां ती मीं उघडली ती केवळ मुलीचें मन मोडूं नये एवढ्यासाठींच.

कथेला आधार उत्तर युरोपांतील नॉर्स लोकांच्या पुराणांचा आहे. आइसलँडमधील स्नोरी स्टुर्लुसन या पंडितानें १२२० च्या सुमारास 'एडा' नांवाचा ग्रंथ रचला. त्यांत अंग्रबोदा या राक्षसीचा ओझरता उल्लेख येतो. कपटी लोकीपासून तिला तीन अपत्यें झालीं: फेनरिर हा लांडगा, योर्मुंगंड हा महासर्प, आणि अर्धें अंग काळेंनिळें असलेली हेल ही मुलगी. या भावंडांपासून आपला घात होणार असें भविष्य देवांच्या कानीं आलें. ओडिननें मुलें धरून आणविलीं. सर्पाला समुद्रांत फेकलें, मुलीला मृतांच्या लोकांत लोटलें, लांडग्याला कांहीं दिवस जवळ ठेवून अखेर फसवून बांधलें. मुलांच्या आईचें पुढें काय झालें, हें सांगण्याची स्नोरीला गरज भासली नाहीं.

लेखिकेनें आपली कादंबरी नेमकी याच रिकाम्या जागीं वसविली आहे. एका प्राचीन काव्यांत देवांनीं तीन वेळां जाळूनही जिवंत राहिलेली एक स्त्री येते; ती आणि अंग्रबोदा एकच, असें तिनें कल्पिलें आहे. ओडिनला हवें असलेलें भविष्यज्ञान न दिल्यामुळें जाळली गेलेली ही स्त्री लोखंडी रानांत लपते, आणि लोकी तिचें काळीज तिला परत आणून देतो. येथून प्रीतीला आरंभ! खरें सांगायचें तर ही प्रीति मला फारशी पटली नाहीं. लोकीच्या थट्टेला जागा फार दिली आहे, आणि त्याचें बोलणें एखाद्या आजच्या कॉलेजकुमाराचें वाटतें. शिवाय देवांच्या नगरींत त्याचा दुसरा संसार असल्यानें हे गृहस्थ येतात केव्हां आणि जातात केव्हां, याचा मेळच नाहीं. मधली कांहीं पानें तर मीं चक्क उलटलीं.

परंतु मुलें जन्मल्यावर कादंबरीचा सूरच पालटतो. गुहेंतला तो संसार, अधू मुलीची ती अहोरात्र शुश्रूषा, लांडग्याच्या पिलाशीं चाललेलें लटकें भांडण, आणि हें सारें करतांना पुढें काय होणार तें ठाऊक असलेली आई! मला आपली हिडिंबा आठवली. घटोत्कच पडला तेव्हां कर्णाची शक्ति खर्ची पडली म्हणून श्रीकृष्णाला आनंद झाला. रानांतल्या त्या आईची आठवण त्या क्षणीं कोणाला झाली असेल?

तरीही मला पुस्तक खालीं ठेवूं देईना तें कारण निराळेंच होतें. माझा धाकटा भाऊ मूळ नक्षत्रावर जन्मला. हें मूल वडिलांच्या मुळावर येईल, असें ज्योतिष्यानें सांगितलें. शांति झाली, पण आजीच्या मनांतली भीति गेली नाहीं; आणि सहा महिन्यांच्या मुलाला आजोळीं पोंचविण्यांत आलें. तो तेथेंच वाढला. मामांचें ऐकून तो आमच्या आईला 'ताई' म्हणे. अठराव्या वर्षीं शिक्षणासाठीं घरीं आला, तो पाहुण्यासारखा आला. वडिलांशीं अवाक्षर बोलावयाचें झालें तरी 'आपण' म्हणून बोले. वडील एक्याऐंशी वर्षांचे होऊन वारले. अंत्यविधीला तो आला, सर्व कांहीं यथासांग केलें, आणि दहाव्याची वाट न पाहतां परत गेला. तो लांडगा शेवटच्या युद्धांत ओडिनला गिळतो, हें वाचून मीं बराच वेळ पान उलटलें नाहीं. पिलाला आईजवळ राहूं दिलें असतें, तर तें ओडिनच्या जिवावर उठलें असतें काय?

आई आतां पंचाऐशीच्या पुढें आहे. त्या संध्याकाळीं ती भाजी निवडीत बसली होती. मीं तिला ही कथा सांगितली. भावाचें नांव अर्थातच काढलें नाहीं. तिनें सगळें निमूटपणें ऐकून घेतलें. मग विचारलें,

"अरे, त्या लांडग्याच्या पिलाला तेथें खायला कोण घालीत होतें?"

"टीर नांवाचा एक देव. इतरांना जवळ जाण्याचा धीर होत नसे."

"मग?"

"बांधतांना लांडग्याला संशय आला. विश्वास पटावा म्हणून त्यानें कोणातरी देवाचा हात आपल्या तोंडांत मागितला. टीरनेंच दिला. बेडी सुटेना, तेव्हां लांडग्यानें तो तोडला."

"खायला घालणाऱ्याचाच?"

मीं मान हलविली. ती थोडा वेळ हातांतल्या मेथीच्या काडीकडे पाहत राहिली.

"धाकट्याला मात्र त्याच्या मामांनीं कधीं उपाशीं ठेवलें नाहीं हो," ती म्हणाली, आणि पुन्हां पानें खुडूं लागली.