खेळाचा संगणक जुळविण्यापूर्वी

खेळासाठी संगणक, आणि तोही दोन लाखांच्या घरातला, असे म्हटले की आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. ही आठी अगदीच अकारण आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरात पावसाळ्यापूर्वी कौले परतावयाची असतात आणि फीचे हप्ते महिना मोजून भरावयाचे असतात, त्या घरात दोन लाख ही काही खेळातली रक्कम नव्हे. परंतु आपल्या खेड्यांतील मुलेही आता कारखान्यांत नोकरी करून स्वतःच्या कमाईतून असा संगणक सुट्या भागांनी जुळवू पाहतात. आज जो प्रश्न आमच्या घरी आला तो उद्या वाचकांपैकी कोणाच्या तरी घरी येणारच, या विचाराने चार गोष्टी येथे मांडीत आहोत.

आमचा पुतण्या आयटीआय होऊन बेळगावच्या उद्यमबागेत एका यंत्रशाळेत कामास जातो. आमचे थोरले बंधू कुवेतला असल्यामुळे घरातील निर्णय वहिनींस घ्यावे लागतात, आणि कठीण निर्णय आला की त्या आमच्याकडे पाहतात. मुलाने दोन वर्षे पगारातून पैसे साठविले. मध्यंतरी कौलांच्या खर्चाचा निम्मा वाटा त्यानेच उचलला. त्यानंतर उरलेल्या एक लाख नव्वद हजारांचा त्याला संगणक हवा होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेम म्हणजे जुगारच ना? तुम्हीच त्याला समजावून सांगा."

पहिली गाठ तेथेच सोडवावी लागली. पैसे लावून खेळण्याचे खेळ वेगळे आणि हे वेगळे. पैशांच्या ऑनलाइन खेळांस बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये केला, आणि तो अनेक घरांच्या दुःखावरील उतारा होता. आमच्या पुतण्यास हवा होता तो विमान चालविण्याचा खेळ. मायक्रोसॉफ्टच्या या खेळात साऱ्या पृथ्वीचा पृष्ठभाग उभा केलेला आहे. सांबऱ्याची धावपट्टीही त्यात सापडते. त्याला गोव्याहून निघून समुद्रावरून कुवेतपर्यंत जावयाचे होते, ज्या वाटेने त्याचे वडील दर दोन वर्षांनी जातात येतात. हे ऐकल्यावर वहिनी काही वेळ बोलल्या नाहीत. नंतर एवढेच विचारले, "त्यात समुद्र दिसतो का?"

अनुमती मिळाली असे यावरून समजू नये. वहिनींनी हिशेब मागितला. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधू पाहणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे. तो आधी खाली बसून खर्चाचा अंदाज घेतो. त्याप्रमाणे आम्ही तिघे सलग चार रविवार मिस्सा आटोपल्यावर ओसरीवर वही घेऊन बसलो.

मुलाच्या यादीत सर्वांत वर ग्राफिक्स कार्ड होते. पडद्यावरील चित्र रंगविणारा हा भाग खेळाच्या संगणकात सर्वांत महाग आणि सर्वांत अधिक वीज खाणारा. 2025 च्या आरंभी एनव्हिडिया कंपनीची नवी कार्डे आली तेव्हा आपल्या देशासाठी जाहीर झालेले भाव असे होते: 5090 हे दोन लाख चौदा हजारांस, 5080 एक लाख सात हजारांस, आणि 5070 टीआय ऐंशी हजारांस. पहिले तर एकटेच 575 वॉट वीज घेते. त्याचा विचार सोडून देण्यास कोणी शहाणपण शिकवावे लागले नाही. मुलाचे मन 5080 वर होते.

येथे आम्ही त्यास एकच प्रश्न केला, की तू पाहणार आहेस कोणत्या पडद्यावर? हा प्रश्न पुष्कळजण शेवटी विचारतात. आमच्या मते तो पहिला आहे. साध्या पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080, म्हणजे सुमारे पावणेएकवीस लाख ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ते बरोबर चौपट होतात, सुमारे त्र्याऐंशी लाख. खेळ सेकंदाला साठ वेळा नवे चित्र मागत असेल तर एवढे सारे ठिपके सेकंदाच्या साठाव्या हिश्शात रंगवावे लागतात. मधला एक पडदा असतो, 2560 बाय 1440 चा. त्यात सुमारे सदतीस लाख ठिपके. सत्तावीस इंची मापात, हातभर अंतरावरून पाहणाऱ्यास तो पुरेसा सुस्पष्ट दिसतो. तो पडदा ठरला आणि कार्डाचा प्रश्न निम्मा सुटला. 5080 आणि 5070 टीआय या दोहोंतही स्वतःची स्मृती सोळा जीबीच आहे. वेगात फरक आहे हे खरे, परंतु जाहीर भावातला फरक पुरता एक-तृतीयांश, आणि वेगातला फरक त्या मानाने पुष्कळच कमी. सत्तावीस हजार रुपये वहीत शिल्लक पडले. मुलाचा चेहरा किंचित उतरला; तथापि त्याने ती ओळ स्वतःच्याच हाताने खोडली.

विमानाच्या खेळाची एक खोड अशी की तो केवळ ग्राफिक्स कार्डावर धावत नाही. हवा, ढग, यंत्राचे काटे, इतर विमाने यांचे अखंड गणित प्रोसेसरला करावे लागते. म्हणून मुलाने एएमडी कंपनीचा रायझन 7 9800एक्सथ्रीडी हा प्रोसेसर निवडला. हा 2024 च्या नोव्हेंबरात आला. याचे आठ गाभे आहेत. परंतु त्याचे खरे वैशिष्ट्य गाभ्यांच्या संख्येत नसून जवळच्या स्मृतीत आहे. वहिनींस समजावताना मुलगा म्हणाला, "आई, स्वयंपाक करताना मीठ, तिखट, हळद तू चुलीजवळच्या फळीवर ठेवतेस. दर चिमटीसाठी कोठीच्या खोलीत जावे लागले तर भाजी करपेल." प्रोसेसरच्या पोटातील ही फळी म्हणजे कॅश. या प्रोसेसरमध्ये ती 96 एमबीची आहे आणि तिचा मोठा भाग गाभ्यांच्या खाली थरासारखा बसविलेला आहे. आधीच्या पिढीत तो थर गाभ्यांच्या वर असे आणि उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होई. थर खाली गेल्याने ती अडचण कमी झाली. यंत्रशाळेत तासकाम करणाऱ्या मुलास ही रचना फार आवडली, आणि उपमेमुळे वहिनींसही.

मदरबोर्डाविषयी फार लिहीत नाही. दुकानदार यात भारी माल गळ्यात मारतो, कारण फरक डोळ्यांस दिसत नाही. एएम5 खोबणीचा मध्यम किमतीचा बोर्ड या प्रोसेसरास पुरतो. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की या खोबणीत 1718 बारीक तारेचे टोक असतात आणि ते प्रोसेसरला नसून बोर्डाला असतात. त्यांस बोट लागले आणि एखादे वाकले तर बोर्ड गेला. एसएसडीही मध्यमच घेतली. सेकंदाला सात हजार एमबी वाचणारी असो की चौदा हजार, खेळ उघडण्यास लागणाऱ्या वेळात माणसाला जाणवेल असा फरक क्वचितच पडतो.

खरी परीक्षा झाली ती रॅमच्या वेळी. 2025 च्या उत्तरार्धात रॅमचे भाव असे काही चढले की वहीतला आकडा दर रविवारी खोटा ठरू लागला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांस स्मृतीच्या चकत्या हव्या होत्या, कारखान्यांनी माल तिकडे वळविला, आणि घरगुती गिऱ्हाईकाच्या वाट्यास टंचाई आली. काही महिन्यांत भाव दुपटीच्याही वर गेले. कोठे दूरदेशी उभारलेल्या इमारतींमुळे खानापूर तालुक्यातील एका तरुणाच्या दोन वर्षांच्या बचतीस भोक पडावे, हे पाहून आम्हांस विषाद वाटला. भाताचा भावही असाच दूर कोठेतरी ठरतो, हे आपल्या शेतकरी वाचकांस निराळे सांगावयास नको.

दुकानदाराने सुचविले, तूर्त सोळा जीबीची एकच पट्टी घाला, दुसरी सवडीने घ्या. हे चालते, परंतु दोन पट्ट्या जोडीने काम करतात तेव्हा प्रोसेसरकडे माल दोन वाटांनी येतो, एका पट्टीत एकच वाट उरते. शिवाय पुढे घेतलेली पट्टी पहिलीशी जमेलच अशी खात्री नसते. मुलाने रात्रभर विचार केला आणि कार्डावर वाचलेले सत्तावीस हजार सोळा-सोळा जीबीच्या जोडीकडे वळविले.

आता ज्या भागांसाठी आम्ही हट्ट धरला त्यांकडे येतो. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरविणारा डबा, पत्र्याच्या आड दडलेला असतो. त्याचे कोणी छायाचित्र काढून मित्रांस पाठवीत नाही, म्हणून काटकसरीची कात्री प्रथम तेथेच चालते. आमच्या मते ती तेथे मुळीच चालवू नये. कार्डास 300 वॉट, प्रोसेसरास सुमारे सव्वाशे आणि इतर मिळून पाचशे वॉटांच्या आसपास मागणी होते. परंतु ग्राफिक्स कार्ड क्षणार्धात नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक वीज ओढते, म्हणून 850 वॉटांचा डबा घेतला. डब्यावरील सोनेरी चिन्ह विजेची नासाडी किती कमी होते एवढेच सांगते. आतील कारागिरीची ती हमी नव्हे. त्यासाठी किती वर्षांची वॉरंटी आहे आणि जाणकारांनी तो उघडून तपासला आहे काय, हे पाहावे.

आणि डबा कितीही चांगला असला तरी त्याची तिसरी पिन जर भिंतीत कोठेच पोहोचत नसेल तर काय उपयोग? आमच्या जुन्या घरात तीन पिनांचे सॉकेट होते, पण अर्थिंगची तार सॉकेटच्या मागेच संपलेली होती. अशा घरी संगणकाच्या पत्र्यास हात लावला की बारीक मुंग्या येतात, हे पुष्कळांनी अनुभवले असेल. डब्यातील गाळणीची रचनाच अशी असते की अर्थिंग नसल्यास 230 व्होल्टांपैकी जवळजवळ निम्मा दाब पत्र्यावर येऊन राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून माणूस सहसा वाचतो. परंतु हे दुर्लक्ष करण्याजोगे नव्हे. गावच्या वायरमनला बोलावून परसात खड्डा घेतला, जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ उभा केला, भोवती लोणारी कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, आणि तेथून जाड तार घरात आणली. हा खर्च मुलाच्या यादीत नव्हता. तो आम्ही उचलला, कारण त्या तारेवर घरातील फ्रिज, मिक्सर आणि वहिनींचा हात हे सारेच अवलंबून आहेत.

यूपीएस घेतानाही असेच. त्यावर हजार व्हीए लिहिले म्हणजे हजार वॉट मिळतात असे नाही. पुष्कळदा सहाशेच मिळतात, आणि तो आकडा मागच्या बाजूस बारीक अक्षरांत असतो. आमच्याकडे वळवाच्या पावसात वीज दहादा जाते. तेव्हा शुद्ध साइन लहर देणारा, दहा मिनिटे टिकून संगणक नीट बंद करू देईल असा यूपीएस निवडला. ढग गडगडू लागले की प्लग भिंतीतून काढून ठेवावयाचा, हा नियम वेगळाच.

संगणक ठेवावयाचा कोठे, यावर वहिनींनी मत बदलले नाही. तो माजघरातच राहील, दार लावून घेतलेल्या खोलीत नव्हे. या एका अटीने पुढील निवडी आपोआप झाल्या. माजघरात जपमाळ होते, पाहुणे बसतात. तेथे घरघरणारे पंखे चालणार नाहीत. म्हणून पाण्याच्या नळ्यांचा थाट न करता मोठा हवेचा कूलर आणि सावकाश फिरणारे रुंद पंखे घेतले. कॅबिनेट जाळीदार, पुढील गाळणी हाताने काढून धुता येईल असे. आमच्या लाल मातीस याहून दुसरा उपाय नाही. रंगीबेरंगी दिव्यांवर खर्च केला नाही. देवळाच्या फेस्ताची रोषणाई वर्षातून एकदा शोभते ती तेवढ्यासाठीच.

वेळेचा प्रश्न निघाला तेव्हा आम्ही संत कार्लो अकुतिस यांची गोष्ट काढली. 1991 मध्ये जन्मलेला आणि 2006 मध्ये पंधराव्या वर्षी वारलेला हा मुलगा संगणकात निष्णात होता. पवित्र मिस्साच्या चमत्कारांची माहिती त्याने संगणकाद्वारे जगापुढे मांडली. 7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यास संत म्हणून घोषित केले. व्हिडिओ खेळांची त्यास आवड होती, पण खेळण्यास आठवड्यातून एकच तास, असे त्याने स्वतःस बंधन घातले होते. हे ऐकताच वहिनी म्हणाल्या, "आठवड्याला एका तासासाठी दोन लाख?" आम्हांस उत्तर सुचले नाही. मुलाला सुचले. यंत्रशाळेतील सुट्या भागांची त्रिमिती चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर याच यंत्रावर चालते. ते शिकला तर तासकामाच्या यंत्रावरून आरेखनाच्या टेबलाशी जाता येईल, आणि त्यासाठी तो रोज संध्याकाळी बसणार आहे. खेळ शनिवारी रात्री आणि रविवारी दुपारी. वहिनींनी ते वहीत लिहून त्याची सही घेतली. पाचशे वॉट दोन तास चालले की एक युनिट होते, हाही हिशेब त्याखाली आहे. खेळाची युनिटे मुलाने स्वतः भरावयाची.

हे लिहीत असताना सारे भाग आले आहेत, केवळ रॅमची जोडी यावयाची आहे. खोकी माजघराच्या कोपऱ्यात रचलेली आहेत आणि मुलगा रोज एखादे उघडून पुन्हा बंद करतो. वायरमन जाताना सांगून गेला, की उन्हाळ्यात खड्ड्याची माती सुकू देऊ नका, ओल गेली की अर्थिंग गेली. तेव्हापासून वहिनी अंगणातील क्रुसाजवळच्या अबोलीला पाणी घालून झाले की परसात जाऊन उरलेली कळशी त्या खड्ड्यात ओततात.